हुबेहूब विंडोज

नवऱ्याने माझ्या सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून गुपचूप लिनक्स टाकलं, आणि ते बिचकू नयेत म्हणून वरून सगळं हुबेहूब विंडोजसारखं सजवलं.

गेल्या आठवड्यात बाळाला कडेवर घेऊन त्यांच्या खोलीत डोकावले, तर फोनच्या स्पीकरवर कुणीतरी सांगत होतं, “काका, तुमच्या विंडोजमध्ये व्हायरस शिरलाय. मी म्हणतो तसं करा.” बाबा निमूटपणे एकेक बटण दाबत होते. मी फोन हिसकावणार, तेवढ्यात तो भामटाच वैतागला.

“काका, कधीपासून डोकं खाताय माझं. अहो, हे विंडोज नाहीच.”


आता कॉम्प्युटरचं काही अडलं, की बाबा त्यालाच फोन लावतात. म्हणतात, “माझ्याशी खरं बोलला तो एकटाच.”