यंदाच्या पुंगळ्या

शोभनानं गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या मानेवर धरली आणि पितळेचा रंग बदलला तरी हटवली नाही. रंग मानेवरून खाली उतरला, पोटावर आला, पार बुडापर्यंत गेला. मग तिनं पुंगळी पाण्याच्या बादलीत टाकली. चर्र झालं. तिनं पुढची उचलली.

गॅरेजमधला दिवा बंद होता. रंग अंधारातच नीट कळतो, हे तिला ज्ञानदेवांनीच शिकवलं होतं. बाहेर नेपरव्हिलभर दुपारपासून बर्फ पडत होता आणि दाराखालून गार वारा आत येत होता. तिची पाठ भरून आली होती.

ज्ञानदेवांच्या रायफलची गोळी कुठल्याच दुकानात मिळत नाही. अशा घरी बेतलेल्या गोळीला इकडे वाइल्डकॅट म्हणतात. दुसऱ्या बंदुकीच्या वापरलेल्या पुंगळ्या आणायच्या, मान तापवून मऊ करायची, साच्यात दाबून बारीक करायची, कापायची, घासायची आणि मग दारू भरायची. छंद ज्ञानदेवांचा, पण त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून कष्ट शोभनाचे. जिनं जन्मात बंदुकीचा चाप ओढला नाही, तिनं नवऱ्याच्या हरणाच्या शिकारीसाठी दर वर्षी पितळ भाजत बसायचं, याला काय म्हणावं!

मान तापवताना बूड थंड राहिलं पाहिजे. बूड मऊ पडलं, तर गोळी उडताना पुंगळी फाटते आणि आग उलटी तोंडावर येते. म्हणून ती बुडाशी उघड्या बोटांनी धरायची आणि चटका बसायच्या आत पाण्यात सोडायची. बोटंच सांगतात, कधी थांबायचं ते. आज शोभनानं बोटांचं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं स्वयंपाकघरातली सांडशी आणली होती.

शेवटची पुंगळी बादलीत पडली, तेवढ्यात आतलं दार उघडून ज्ञानदेव आले. दिव्याचं बटण त्यांना पटकन सापडलं नाही.

"झाल्या का गं? सॅटर्डेला सीझन ओपन होतो. आज साच्यातून काढल्या, तर उद्या लोड करता येतील."

"झाल्या," ती म्हणाली. "पण भरू नका. जास्त तापल्यात. सगळ्या."

"सगळ्या? अगं, एखाददुसरी तापते. सगळ्या कशा तापतील?"

तिनं बादली त्यांच्याकडे सरकवली. ज्ञानदेवांची नजर टेबलावर गेली.

"ही सांडशी इथे कशाला आली?"

त्यांनी बादलीतून एक पुंगळी काढली, बुडापाशी सांडशीत धरली आणि दोन्ही हातांनी दाबली. त्यांच्या त्या हातांनीही ती पोह्यासारखी चेपली.

"तोंडानं सांगायचं होतंस."

"गेल्या वर्षी सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी सांगितलं. परवा शूटिंग रेंजवर तुमच्या बंदुकीची हलणारी नळी बघून शेजारचा माणूस सामान उचलून पार पलीकडे गेला, तेव्हा गाडीत परत सांगितलं. दमले मी सांगून. तुम्ही तिकडे रानात असता आणि मी इथे फोनकडे बघत बसते. तुम्हाला काही होईल, नाहीतर तुमच्या हातून कुणाला काही होईल. यंदा नाही जमणार मला."

तिचा आवाज चढला नव्हता. चढवायला तेवढा जोर हवा ना!

ज्ञानदेव उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले. चेपलेली पुंगळी त्यांच्या हातातच होती.

"जयला काय सांगू?" ते म्हणाले. शॉमबर्गला राहणारा तरुण जय दर वर्षी त्यांना आपल्या ट्रकमधून विस्कॉन्सिनला शिकारीला घेऊन जायचा. "त्याला नेम धरायला मी शिकवलंय."

"हात साथ देत नाहीत म्हणून सांगा. त्यात लाजायचं काय?"

"हातांचं नाव काढायचं नाही."

त्यांनी पुंगळी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"तूच लाव फोन," ते अखेर म्हणाले. "सांग, तुझ्याकडून जळल्या म्हणून."

शोभनानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग स्पीकर लावून जयला फोन केला आणि पुंगळ्या जळल्याचं सांगितलं.

"ओह नो, काकू! ऑल ऑफ देम?"

"सगळ्या रे. माझं लक्षच नव्हतं."

"काका मस्ट बी सो अपसेट! पण डोन्ट वरी, माझ्याकडे स्पेअर रायफल आहे. ती घेऊ देत ना काकांना. मी आणतो."

एवढं सगळं भाजलं, पण हे शोभनाच्या डोक्यातच आलं नव्हतं. या देशात बंदुकीला काय तोटा! आता जे काही होतं, ते ज्ञानदेवांच्या तोंडून यायचं होतं, आणि ते मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होते.

मग ते उठले आणि तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"दुसऱ्याच्या बंदुकीनं मी शिकार करत नाही, सांग त्याला!" ते कडाडले. "आणि म्हणावं, काकूला विचार, डोळे कुठे होते तुझे! वर्षाची मेहनत जाळून टाकली बाईनं! आता कसला सीझन न् कसलं काय!"

"सॉरी, काकू," पलीकडून जय हळूच म्हणाला.

ज्ञानदेवांचा हात शोभनाच्या खांद्यावर थरथरत होता. आवाज मात्र खणखणीत होता. जयला नीट ऐकू जावं म्हणून शोभनानं फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला.