कोंब थांबत नाहीत

सावेताने सुरी वरंब्यात खोचली आणि सरीतून येणाऱ्या मालकीणबाईंची वाट पाहत उभी राहिली. सकाळपासून ती एकच वाक्य घोळवत होती. दर हंगामाला रोमानियाहून इथे जर्मनीत भाजीच्या शतावरीचे पांढरे कोंब काढायला येऊन तिचं जर्मन बरं झालं होतं. पण मागणं मागायला कुठलीच भाषा पुरत नाही.

"मालकीणबाई, आई आता जायच्या वाटेवर आहे. भावाचा फोन आला होता. संध्याकाळी चर्चसमोरून आमच्याकडची गाडी सुटते. मी जाते, आणि सगळं उरकलं की लगेच परत येते."

इर्मगार्डबाईंनी हातातला थर्मास खाली ठेवला. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. बाई मनाने वाईट नव्हत्या. गेल्या वर्षी सावेता तापाने फणफणली, तेव्हा त्यांनीच सूप करून आणलं होतं.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या, "आत्ता?"

ऊन तापलं होतं. अशा उन्हात कोंब भराभर माती फोडतात. वेळेवर काढले नाहीत तर डोकी जांभळी पडतात, आणि जांभळ्या डोक्यांना शहरातलं गिऱ्हाईक नाक मुरडतं. हंगाम संपतो जूनच्या शेवटी, संत योहानाच्या सणाला. सण अजून लांब होता.

"माझ्या ओळी इलिंका काढेल. बोललेय मी तिच्याशी."

"आणि इलिंकाच्या?"

शेजारच्या ओळीत वाकलेल्या इलिंकाने, सावेताच्या भावजयीने, मान वर केली नाही.

"मी काही तुला अडवत नाही हं," बाई म्हणाल्या. "पण मध्येच गेलीस तर पुढच्या वर्षी तुझी जागा राहील, असं मी नाही सांगू शकत. आमचे हे ऐकायचे नाहीत. तुझ्या लेकीचं कॉलेज चाललंय, मला का कळत नाही?"

इकडे आड, तिकडे विहीर. आईकडे जावं तर लेकीचं कॉलेज सुटतं. सावेताला रडूसुद्धा येईना.

"असं कर, संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बस. आमचं इंटरनेट चांगलं आहे. हवं तितकं बोल आईशी."

"कालपासून तिची वाचा गेलीय."

"मग तू बोल. अशा माणसांना ऐकू येत असतं." बाईंनी तिच्या मातकट हातावर हात ठेवला. "आईच्या नावाने मी मेणबत्ती लावते चर्चमध्ये. मोठी आणते."

सावेताने मान डोलावली. दुसरं काय करणार?

बाईंनी कपात कॉफी ओतून तिच्या हातात दिली, जवळ सरकल्या, आवाज खाली आणला.

"मला कळतं गं सगळं. माझी आई गेली तेव्हा मी शेवटपर्यंत तिच्या उशाशी होते. माझा हात हातात घेऊनच गेली." त्यांनी डोळे पुसले. "देवाची कृपा, ती नोव्हेंबरात गेली. शेतात काहीच नव्हतं."

सावेताने कप तसाच खाली ठेवला आणि वाकली. समोरच्या वरंब्यावर मातीला बारीक तडा गेला होता. तिने बोटांनी माती उकरली आणि सुरी लावली.