लग्नातला हार

लेकीच्या लग्नातला हार जपायचा म्हणून द्वारकाबाई मोबाईलवर बघून रेझिनचं काम शिकल्या. पण घाईत फुलं ओलसर असतानाच पातळ रेझिन ओतलं आणि ते घट्ट होऊन झालेल्या काचेसारख्या ठोकळ्यात गुलाब काळे पडले. पॉलिशपेपरनं घासलं, वरून पुन्हा थर दिला, तरी काळं ते काळंच. काल लेक कन्नडच्या सासरहून एकटीच माहेरी आली, दंडावर माराचे काळेनिळे वळ घेऊन. आज जावई तिला न्यायला पुंडलिकनगरला सासूच्या घरी हजर! चहाचा घोट घेत त्यानं ठोकळा उचलून न्याहाळला. “आई, वरून सोनेरी थर द्या की. आतलं कुणाला दिसतंय?” द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक पिशवी भरायला उठली. त्यांनी तिला हाताला धरून बसवलं. मग ठोकळा जावयाच्या छातीवर दाबला. “माझी पोर इथंच राहील, जावईबापू. तुम्ही हे घेऊन जा. लग्नातलं आता एवढंच उरलंय.”