दादा, पूल आला

सहल एका दिवसाची. सकाळी सायगावहून निघायचं, अंधार पडायच्या आत परत. रोपवे आणि जेवण धरून.

पेनिसिलिनची रिकामी कुपी, रबरी बुचाची. लढाईत सैनिक ती खिशात बाळगायचे. आत नावगावाचा कागद. माणूस पडला की कुपी त्याच्यासोबत पुरायची.

सीताफळाला तीन-चार वर्षांनी फळ धरतं.

मेलेल्याला घरी नेताना प्रत्येक पुलावर हाक मारायची. नाहीतर तो अलीकडेच राहतो.

"मावशी, टोपी धरा! उडाली तर ढगात शोधावी लागेल," दियेम ओरडली. तिच्या हातात पिवळा झेंडा होता आणि मागे बावीस पर्यटक.

लुआने टोपी धरली. बा देन डोंगराच्या माथ्यावर संगमरवर होता, फुलांचे ताटवे होते, फोटो काढणारी जोडपी होती. आपल्या भावाचा डोंगर असा असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने दियेमला बाजूला घेतलं. "पोरी, अर्ध्या चढावर म्हशीच्या पाठीसारखा एक खडक आहे म्हणतात. कुठे तो?"

"खडक बघायला आलात? लोक ढग बघायला येतात!" मग तिचा चेहरा पाहून दियेमने आवाज उतरवला. "मधल्या देवळापाशी थाच काका सीताफळं विकतात. त्यांना इथला दगड न् दगड ठाऊक आहे. पण चारला बस सुटणार हं."

थाच काका सत्तरीचा, काटकुळा, मोठ्या गळ्याचा. "गोड नसलं तर तोंडावर फेकून मारा!" असं म्हणत तो गिऱ्हाइकं बोलावत होता. लुआने त्याच्यापुढे पत्र धरलं. भावाच्या सोबत्याने मरणाआधी लिहिलेलं, त्यात पुरल्याची खूण म्हणून तो खडक.

"वू दिन्ह त्वेन," ती म्हणाली. "उत्तरेतल्या थाय बिन्हचा. मी त्याची धाकटी बहीण."

थाचने एक सीताफळ पुसून खाली ठेवलं. तेच पुन्हा उचलून पुसलं.

"फार उशिरा आलात, ताई."

"पत्रच उशिरा आलं. गावात आईशेजारी त्याचं थडगं बांधून ठेवलंय. रिकामं. मी अकरा वर्षांची होते तो गेला तेव्हा. आता गुडघे बोलायला लागलेत. मी नेला नाही, तर कोण नेणार त्याला?"

"आई गेली?"

"गेली. शेवटपर्यंत दाराला कडी लावू दिली नाही तिने."

त्याने टोपल्या शेजारणीच्या हवाली केल्या आणि कुदळ खांद्यावर टाकली.

खडक देवळाच्या खालच्या अंगाला होता. भोवती सीताफळाची बाग.

"झाडं कुणाची?"

"माझी. लढाई संपली त्या वर्षी लावली."

खडकाच्या बुडाशी एक माणूस आडवा मावेल एवढी अरुंद जागा मोकळी होती. तिथे एकही झाड नव्हतं. थाचने विचार न करता तिथेच कुदळ मारली. हातभर खाली एक बटण निघालं, गंजून हिरवं पडलेलं. मग कुपी. बूच काळं पडलं होतं, पण आतला कागद कोरडा होता. नाव. गाव. आईचं नाव.

लुआ मातीतच बसली. तिने बोटांनी खड्ड्यातली माती चाळली.

"हाडं नाहीत हो, भाऊ."

"पन्नास वर्षं झाली, ताई. इथली माती काही ठेवत नाही. मूठभर मातीच न्या. सगळे तेच करतात."

तिने लाल कापडात माती बांधली, कुपी वर ठेवली, उदबत्त्या लावल्या. मग पिशवीतून दाबून घट्ट केलेला भात आणि तीळमीठ काढलं. नैवेद्य दाखवून झाला आणि तिने थाचपुढे पान सरकवलं.

तो घास हातात धरून बसून राहिला.

"अहो, खा की! इकडची माणसं तर कुणाची वाट बघत नाहीत. घास घेण्याआधी मोठ्यांना 'जेवा' म्हणायची रीत आमच्या उत्तरेतच."

"उत्तरेचे पाहुणे फार येतात. सवय लागलीय."

लुआ हसली. मग लहानपणी म्हणायची तसं, मोठ्यांपासून क्रमाने म्हणाली, "आई, जेव. दादा, जेव."

थाचने घास तोंडात घातला.

ती बोलत राहिली. बांबूच्या पुलाला ती भ्यायची. दादा तिला खांद्यावर घ्यायचा आणि म्हणायचा, पूल आला, डोळे मीट. पलीकडे गेल्यावर तो मुद्दाम सांगायचाच नाही. ती डोळे मिटून अर्ध्या शेतापर्यंत जायची.

"वाईटच होता," थाच म्हणाला.

"फार!" तिने डोळे पुसले. "शहिदाचा कागद अजून भिंतीवर आहे. त्या कागदावर आईला पेन्शन मिळाली, माझ्या पोराला शाळेत नोकरी लागली. मेल्यावरही दादाने आम्हाला पोसलं."

थाच खडकाकडे वळला. बुडाशी राहिलेला खड्डा तो हातानेच बुजवत होता.

चारला पाच मिनिटं कमी असताना तो बसपाशी आला. सहा सीताफळं तिच्या ओटीत टाकली. पैसे घेतले नाहीत.

"काका, मला कधी एक दिलं नाहीत फुकट!" दियेम म्हणाली.

"तू रोज येतेस." मग तो लुआकडे वळला. "ताई, वाटेत पूल बरेच आहेत. हाक मारायला विसरू नका."

"विसरेन कशी?"

बस निघाली. पहिला पूल दहाव्या मिनिटाला आला. लुआने लाल गाठोडं छातीशी धरलं.

"दादा, पूल आला. डोळे मीट."

एकोणीसशे बाहत्तरच्या जूनमध्ये, एका पावसाळी दुपारी, त्वेनने आपला गणवेश आणि कुपी त्या खडकाच्या बुडाशी पुरली, आणि तीन वर्षांनी भोवती सीताफळाची रोपं लावली.