खाडीपल्याडची बोट

कांदिवलीच्या इस्पितळात सरांनी थर्ड इयरच्या आठही जणांना गोराईच्या कमळमावशींचे ठोके ऐकायला लावले. ठोक्यांमागून येणारी बारीक घरघर ऐकू येते का, एवढंच विचारलं. सात जणांनी स्टेथोस्कोप लावून माना डोलावल्या. गंधाली म्हणाली, "मला नाही येत, सर."

"दुपारी परत या मावशींकडे ये," म्हणून सर पुढच्या कॉटकडे वळले.

दुपारी तिला डबा गेला नाही. सगळ्यांना जमतं, आपलंच घोडं अडतं, आपली सीट दुसऱ्या कुणाला तरी मिळायला हवी होती, असं घोकत ती शिक्षा भोगायला आल्यासारखी वॉर्डात आली.

मावशी वाटच बघत होत्या. आपणहून डाव्या कुशीवर वळल्या आणि गंधालीचा हात धरून स्टेथोस्कोप नेमक्या जागी टेकवला. "छोटी बाजू लाव. मी श्वास सोडून थांबते. खाडीपल्याडून बोट येते ना, तशी ऐक. घाई नाय करायची."

बोट आली. गंधालीचे डोळे भरले.

"मावशी, बाकीच्यांना हे सकाळीच ऐकू आलं."

"सकाळी मी उताणी पडलेली. तशी ती कुणालाच ऐकायला येत नाय गो." मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला. "नुसती मान डोलवतात त्यांना तुझा सर माझ्याकडं धाडत नाय. तो पण शिकताना माझेच ठोके ऐकायला आलेला. त्याच्या बॅचमध्ये 'नाय येत' बोलणारा तो एकटाच होता."