बसायला जागा

"माझे बूट कुठे आहेत गं?"

हेमलताबाई मटार सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. हा प्रश्न त्यांनी दिवाळीपासून ऐकला नव्हता. दिवाळीच्या तोंडावर सूर्यकांतरावांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि तेव्हापासून स्वारी बाल्कनीतली खुर्ची सोडायला तयार नव्हती. चाला, असं सांगून डॉक्टर थकले, हेमलताबाई थकल्या. ह्यांचं आपलं एकच, "चालत जाईन. पण जाऊन बसू कुठे? रस्त्यावर?" आणि त्यात खोटं काही नव्हतं. देशाच्या राजधानीत, द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीबाहेर ऐसपैस रस्ता होता, गाड्या लावायला हवी तेवढी जागा होती, पण दमल्या माणसाला टेकायला काही नव्हतं.

"समोरच्या प्लॉटवर बाक आलाय," सूर्यकांतराव म्हणाले. "कोणीतरी बसलंयसुद्धा. माझ्याच वयाचा दिसतोय."

हेमलताबाई बघायलाही गेल्या नाहीत. मटार तसेच टाकून त्यांनी नवऱ्याच्या पायात बूट चढवले, हातात काठी दिली आणि लिफ्टचं बटण दाबलं. एकदा ह्यांचा बेत फिरला की ब्रह्मदेव आला तरी उठवू शकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गेटवरच्या गार्डने हात दाखवून गाड्या थांबवल्या. रस्ता ओलांडून दोघं प्लॉटच्या कडेला आली, तेवढ्यात वारा सुटला आणि समोरचा बाक जागचा हलला. हेमलताबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. पुठ्ठा. वर बसलेले गृहस्थही पुठ्ठ्याचेच, कापून रंगवलेले.

मग त्यांच्या लक्षात आलं. आर्किटेक्चर कॉलेजची पोरं. दर हिवाळ्यात नवी तुकडी यायची, रिकाम्या पडलेल्या जागांचा अभ्यास करायला. त्याच रंगीत चिठ्ठ्या, तोच प्रश्न, 'यहाँ आपको क्या चाहिए?' हेमलताबाई दरवर्षी लिहायच्या, बाक. पोरं 'थँक यू आंटी' म्हणायची, चिठ्ठी तक्त्यावर चिकटवायची आणि तक्ता गुंडाळून घेऊन जायची. यंदा पेन हातात धरायचाही कंटाळा आला होता, तरी त्यांनी लिहिलं होतं.

आता ह्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, पण डावा पाय ओढत ओढत का होईना, पुढे पडत होता.

"थोडंच राहिलंय आता," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचीच त्यांना लाज वाटली.

"अंकल, अंकल! बैठना नहीं है!" हातात कटर घेतलेला एक उंच मुलगा धावत आला.

"सावकाश हं, पडाल," हेमलताबाई नवऱ्याला म्हणाल्या. ते मराठी ऐकून एक मुलगी पुढे झाली. "काका, प्लीज बसू नका. हे ना, असली नाहीये. मॉडेल आहे. आत्ता आमच्या मॅडम येतील बघायला."

"मॉडेल." सूर्यकांतरावांनी पुठ्ठ्याच्या माणसाकडे पाहिलं. "तरीच म्हटलं, हे केव्हाचे एकाच बाजूला बघत बसलेत."

आणि त्यांची काठी थरथरायला लागली.

"ह्यांना बसायला हवंय, आत्ताच्या आत्ता!" हेमलताबाईंचा आवाज चढला. "स्टूल, खुर्ची, काही आहे का तुमच्याकडे? खाली बसले तर उठता येणार नाही त्यांना."

पोरांनी इकडे-तिकडे पाहिलं. रात्रभर जागून सगळ्यांचे डोळे तांबारले होते. गोंद होता, पट्ट्या होत्या, बॅगा होत्या. सोसायटीतून खुर्ची आणायला एक जण पळाला, पण तेवढा वेळ नव्हता.

उंच मुलाने कटर खाली ठेवला. बाकाची मागची बाजू उघडी होती. तो वाकला, रांगत आत शिरला आणि दोन्ही हात-गुडघे टेकून त्याने पाठ वर केली. बाक बोटभर उचलला गेला.

"बिठाओ," आतून आवाज आला. "वल्लरी, धीरे से."

मराठी बोलणाऱ्या त्या मुलीने, वल्लरीने, पुठ्ठ्याच्या माणसाला उचलून बाजूला ठेवलं. दोघींनी धरून सूर्यकांतरावांना बसवलं. त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी केली आणि मोठा श्वास सोडला. पाठीवर ऊन पडलं होतं.

"आपली बाल्कनी इथून केवढीशी दिसते गं," ते म्हणाले. हेमलताबाईंनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. मॅडम उतरल्या, सोबत दोन पाहुणे. लांबूनच त्यांनी टाळ्या वाजवल्या. "ओह, लव्हली! रिअल यूजर!" पाहुण्यांनी फोटो काढले. मॅडमनी बाकावर थाप मारून पाहिली. "और मज़बूत भी है! व्हेरी गुड, वल्लरी."

वल्लरी आणि बाकीची पोरं आपापल्या बुटांकडे बघत राहिली.

"सर, कैसा लगा आपको?" मॅडमनी वाकून विचारलं. "और क्या चाहिए यहाँ?"

सूर्यकांतरावांचा जन्म मंत्रालयाच्या फायली हातावेगळ्या करण्यात गेला होता. विचारलेल्या प्रश्नाला ते नीट विचार करूनच उत्तर देत.

"और कुछ नहीं," ते म्हणाले. "मैं कल भी आऊँगा." मग शेजारी बाकाच्या पुठ्ठ्यावर त्यांनी हलकेच हात ठेवला. "ये लड़का रहेगा ना?"

"कौन सा लड़का?" मॅडम हसत इकडे-तिकडे पाहू लागल्या.

सूर्यकांतरावांच्या हाताखाली पुठ्ठा हळूच वर आला आणि खाली गेला.