इबेनेझरचं पान

साडेतीनशे वर्षांपूर्वी जहाजातून मॅसॅच्युसेट्सला उतरलेल्या मूळपुरुषाचं घर थर्झाच्या गळ्यात पडलं होतं. घराण्याचा दंडकच तसा: थोरल्या लेकीनं ते सांभाळायचं, विकायचं नाही, सोडायचं नाही. बावीस वर्षांनी चर्चच्या जुन्या वहीत तिला सुटका सापडली.

"अमोसकाका, मूळपुरुषाच्या ज्या मुलाचे, इबेनेझरचे, आपण वंशज म्हणवतो, तो दोन वर्षांचा असतानाच गेला! आपण त्या घराचे कुणीच नाही. मी चालले लेकीकडे!"

म्हातारा हसला. "पान उलट की, पोरी. पुढच्या वर्षी झालेला मुलगाही इबेनेझरच. आपल्यात गेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला देतात."

"असं कोण करतं, काका?"


"तुझ्या आईनं केलं. हे घर खरं तर तुझ्याआधी जन्मून गेलेल्या पहिल्या थर्झाच्या वाट्याचं होतं."